शेडमधली चूल

"आधी एक ठरवा बाई," शेवडेसाहेब म्हणाले. "शेडमध्ये जे आहे, ते माल आहे का देव?"

नगरपालिकेच्या वरच्या मजल्यावर, बांधकाम खात्याच्या खोलीत मी खुर्चीवर बसले होते. मला कुणी बसा म्हटलं नव्हतं. पण उभ्यानं बोलायची सवय मला नाही, आणि ज्यांनी नोटीस धाडून बोलावलं त्यांनी साधी खुर्चीसुद्धा देऊ नये? शेजारी माझा नरेश उभा होता. कागदांची पिशवी त्यानं अशी छातीशी धरली होती, जणू आत दूध आहे आणि ते आत्ता उतू जाणार.

"माल का देव, म्हणजे?" मी विचारलं.

"तुमची शेड विनापरवाना आहे. त्यात वाद नाही."

"वाद नाही कसा? माझ्या सासऱ्यानं तिथे झावळ्यांचा मांडव घातला तेव्हा तुमच्या वडिलांचं लग्नसुद्धा झालं नसेल."

"झावळ्यांना आम्ही काही म्हणत नाही. तुम्ही पत्रे टाकलेत. लोखंडी खांब उभे केलेत. आणि पुढचा पत्रा पार गल्लीत आणलाय."

"पावसाला कुठे थांबायचं ते कळत नाही म्हणून पत्रा पुढे आणावा लागतो."

साहेब हसले नाहीत. तरुण माणूस, साताऱ्याकडचा, नुकताच बदलून आलेला. चष्मा पुसायचा, बोलायचा, परत पुसायचा. पण माणूस वाईट नव्हता. मधेच शिपायाला हाक मारून माझ्यासाठी पाणी मागवलं. मी ते प्यायले नाही, ती गोष्ट वेगळी.

"हे बघा," ते म्हणाले, "कोर्टात न जाता हे मिटू शकतं. तडजोड शुल्क म्हणून दंड भरायचा, मुख्याधिकाऱ्यांची सही झाली की प्रकरण बंद. फक्त दंडाचा दर वापरावर ठरतो. माल असेल तर व्यापारी वापर. त्याचा दर हा."

त्यांनी कागद आमच्याकडे फिरवला. मला वाचता येतं ते माझ्या सहीपुरतं, आणि सहीसुद्धा वळणावर अडते. पण लेकाचं तोंड मला वाचता येतं. नरेशनं कागद पाहिला आणि डोळे मिटले.

"आणि देव असेल तर?"

"तर ते धार्मिक बांधकाम. त्याची तडजोड माझ्या हातात नाही. ते वरच्या समितीकडे जाणार, तिथून कोर्टात. निकाल लागेपर्यंत शेडला सील."

सील म्हणजे काय ते मला कुणी शिकवायला नको होतं. दाराला लाख, लाखेवर छाप, आणि आत अर्ध्या तालुक्याचे गणपती. आमच्या खाडीकाठच्या गावात घरटी एक कारखाना. कारखाना म्हणजे गणपतीचाच, दुसरा कसला आम्हाला माहीत नाही. गिऱ्हाईक जेठात येतं, आपल्या घरचा पाट आमच्याकडे ठेवून जातं, आणि चतुर्थीच्या आदल्या दिवशी त्याच पाटावर देव बसवून नेतं. पाट दिला म्हणजे शब्द दिला. त्या वर्षीचे सगळे पाट माझ्या शेडमध्ये भिंतीला टेकून उभे होते. चतुर्थीला एखाद्या घरचा पाट रिकामा राहिला, तर मोकलांच्या कारखान्याचं नाव पुढच्या सात पिढ्या कुणी घेतलं नसतं. घेतलं असतं तर शिवीत.

"साहेब, आम्ही कोर्टात जातो," नरेश म्हणाला. "स्टे आणतो. माझा मित्र वकील आहे."

त्याचा तो मित्र मी पाहिला होता. त्याच्यापेक्षा त्याचा कोट जुना.

"गप रे," मी म्हटलं. "कोर्टाची तारीख चतुर्थी बघून पडत नाही. शहाण्यानं त्या पायरीला जाऊ नये म्हणतात. तू तर जाऊच नकोस." मग साहेबांकडे वळले. "माल आणि देव सोडून तिसरं काही नसतं का तुमच्याकडे?"

"असतं की. राहतं घर. त्याचा दर अगदी किरकोळ आहे."

"मग तेच लिहा. किती वेळ माल-देव, माल-देव लावलंय."

"तिथे राहतं कोण?"

"मी," मी म्हटलं.

तोंडातून गेलं ते गेलं. आमच्या घराण्यात शब्द मागे घ्यायची रीत नाही, आणि नरेश माझ्याकडे बघून "आई" म्हणाला तेव्हा तर नाहीच नाही.

"पत्र्याच्या शेडमध्ये? पावसाळ्यात?" साहेबांनी चष्मा काढला.

"घरात झोप लागत नाही. हा घोरतो."

"मी घोरतो?"

"बायकोला विचार."

साहेबांनी चष्मा पुसला, घातला, आणि माझ्याकडे नीट पाहिलं. "ठीक आहे. राहतं घर म्हणजे जिथे माणूस झोपतो आणि चूल पेटते. मी पंचांना घेऊन येईन. कधी येईन ते सांगणार नाही. पेटलेली चूल दिसली तर राहतं घर लिहीन, नाही दिसली तर माल लिहीन. जे दिसेल तेच. आणि अजून एक. शेजाऱ्याची हरकत असेल तर तडजोड होत नाही. तुमच्या शेजाऱ्याचा तर अर्जच आलाय."

"कुणाचा?"

"परशुराम पेडणेकर."

मी उठले. खुर्ची जरा जोरात मागे गेली.

परशुराम आमच्या समोरचा. गल्ली ओलांडली की त्याची ओटी. त्याचा बाप आमच्याकडे शाडू मळायचा, आणि हा पोर असल्यापासून आमच्याच कारखान्यात साचे धुऊन शिकला. मोठा झाल्यावर त्यानं स्वतःचा कारखाना काढला. कसला कारखाना, ओटीवर मांडलेल्या दोन फळ्या. पण बाहेर पाटी मात्र आमच्या पाटीपेक्षा मोठी.

"जळतो," घरी येताना मी नरेशला सांगितलं. "दुसरं काही नाही."

सुगंधा, माझी सून, भाकऱ्या थापत होती. तिनं सगळं ऐकून घेतलं. ती आधी ऐकते आणि मग नेमकं मला नको असतं तेच बोलते.

"आई, परशुरामभाऊजींशी एकदा बोलून बघा ना. त्यांनी मागे दोनदा निरोप पाठवला होता पत्र्याबद्दल."

"मी त्याच्या दारात जाऊ? त्याच्या बारशाच्या घुगऱ्या खाल्ल्यात मी. त्याला बोलायचं असेल तर देवानं तोंड दिलंय त्याला."

"तोंडानं बोलले होते तेव्हा तुम्ही म्हणालात, आधी नाक पुसायला शीक."

"मग? शिकला का?"

सुगंधानं भाकरी उलटली.

त्याच दिवशी मी शेडमध्ये राहायला गेले. खाट हलवली, माझी पत्र्याची पेटी हलवली, भिंतीवरचा आरसा हलवला. पुढच्या बाजूला, गल्लीच्या तोंडाशी, तीन दगडांची चूल मांडली. मागच्या अंगाला फळ्यांवर गणपती बसलेले, ओळीनं, अजून रंग नसलेले, पांढरे. त्यांच्यामधून वाट काढत मी खाटेवर जायचे. आमचे हे शाडू मळत बसले होते. ते दिवसभरात बोलतात ते बोटांवर मोजावं इतकं थोडं.

"किती दिवस?" त्यांनी विचारलं.

"साहेब येईपर्यंत."

"आणि भाकरी?"

"मी जिथे, भाकरी तिथे."

संध्याकाळी ते आपली उशी घेऊन आले. उशी ठेवली आणि परत शाडू मळायला गेले.

गावात बातमी जायला कितीसा वेळ लागतो. बाया भाजीच्या निमित्तानं गल्लीतून जायला लागल्या. ज्यांच्या घरी भाजी परसात पिकते, त्यासुद्धा.

"मथुराकाकी, सुनेनं बाहेर काढलं की काय?"

"मी सगळ्यांना बाहेर काढलंय. ते अजून घरात आहेत एवढंच."

साहेब काही येईनात. मी रोज चूल पेटवायची, रोज वरण-भात शिजवायची. वरण-भातच, कारण गिऱ्हाईक येतं-जातं, उगाच कुणाच्या नाकाला त्रास नको. दुपारी आडवी व्हायची. घरातल्या खोलीतून गल्ली दिसत नाही. शेडमध्ये पुढची बाजू उघडी, त्यामुळे खाटेवर पडलं की समोर परशुरामाची ओटीच येते डोळ्यांपुढे. मी भिंतीकडे तोंड करून झोपायची.

एका दुपारी पाऊस असा लागला की पत्र्यावर कुणी खडी ओततंय असं वाटावं. झोप मोडली. कूस बदलली आणि समोर बघितलं.

पागोळ्या मी जन्मभर बघितल्यात. पण माझ्या पुढच्या पत्र्यावरचं पाणी पागोळीसारखं पडत नव्हतं. सगळ्या शेडचं पाणी उतारानं येऊन एका कोपऱ्यात गोळा व्हायचं, आणि तिथून मांडीएवढा लोट सुटून गल्ली ओलांडून थेट परशुरामाच्या ओटीवर. तो आणि त्याची बायको मेणकापड धरून उभे होते, दोन टोकांना दोघं. मेणकापडामागे त्यांचे गणपती. पाणी कापडावर आपटायचं आणि खालून आत शिरायचं. खालच्या फळीवरच्या एका गणपतीचा गुडघा विरघळून बसकाच झाला होता. पाऊस थोडा थांबला तसा परशुरामानं कापड सोडलं, उकिडवा बसला, आणि तो गुडघा परत घडवायला लागला. शिव्या दिल्या नाहीत. वर, आमच्या पत्र्याकडेही बघितलं नाही. रोजचं काम असल्यासारखा.

मी परत भिंतीकडे तोंड केलं. त्या कुशीवरही आवाज यायचा तो यायचाच.

रात्री जेवताना ह्यांना म्हटलं, "आपल्या पत्र्याचं पाणी परशाच्या ओटीवर पडतं."

"हो," हे म्हणाले. "पत्रा टाकल्यापासून."

"मग मला सांगितलं नाहीत?"

ह्यांनी घास खाली ठेवला आणि माझ्याकडे बघितलं. "तुला?"

एवढंच म्हणाले आणि परत जेवायला लागले.

मी काही तेवढ्यावर परशुरामाच्या दारात गेले नाही. ज्यानं नगरपालिकेत अर्ज दिला त्याच्या दारात मोकलांची मथुरा जाणार नाही. दुसऱ्या दिवशी चुलीपुढे बसून विचार करत राहिले, आणि विचार करताना मला भूक लागते. वरण-भाताचा वीट आला होता. श्रावण तोंडावर आलेला, म्हणजे महिनाभर तोंडाला कुलूपच. बाहेर पाऊस, आत ओलसर गारठा, आणि पेटीत वर्षाची सुकट. आमच्याकडे रीत अशी आहे की देवाचे डोळे आखले की त्या क्षणापासून कारखान्यात मासळी येत नाही. डोळे आखायचं काम माझं. लग्न होऊन आले तेव्हापासून दुसऱ्या कुणी ब्रश उचलला नाही. डोळे आखेपर्यंत ती माती. आणि त्या वर्षीच्या एकाही मूर्तीला मी अजून डोळे दिले नव्हते. सुकट भाजली, कांदा चिरला, तव्यावर टाकली.

आणि नेमके तेव्हाच साहेब आले.

गल्लीतून छत्री धरून येत होते. मागे पंच म्हणून गिरणीवाला केशव, आणि त्याच्या मागे, शेजारी म्हणून दुसरा पंच, परशुराम. कोपऱ्यावरचा लोट साहेबांच्या छत्रीवर असा बसला की छत्री उलटी होऊन कमळासारखी उमलली. साहेब ओले होऊन आत आले. एक श्वास घेतला आणि रुमाल नाकाला लावला.

"हे काय आहे?"

"स्वयंपाक," मी म्हटलं. "चूल बघायची होती ना? बघा. पेटलीय."

"सुकट आहे साहेब," परशुराम म्हणाला. "काकी, देवांपुढे सुकट?"

"डोळे कुठे आखलेत? तू ह्याच कारखान्यात शिकलास, विसरलास काय? बघ, एकाला तरी डोळा आहे का?"

तो फळ्यांकडे गेला. वाकून वाकून बघितलं. तसाच परत आला.

साहेबांनी रुमालातूनच विचारलं, "डोळे नाहीत म्हणजे देव नाहीत. बरोबर?"

"बरोबर."

"देव नाहीत म्हणजे माल. म्हणजे व्यापारी."

नरेश तोवर घरातून धावत आला होता. त्यानं कपाळाला हात लावला. मी तव्यावरची सुकट परतली. घाईनं बोललं की चूक होते आणि परतलं नाही की करपतं. दोन्ही टाळायचं होतं.

"साहेब, तुमच्या घरी कणीक असते?"

"असते."

"तुम्ही दुकान चालवता का?"

"नाही."

"कणीक ती कणीक. पोळी केली की पोळी, लाडू केला की प्रसाद. घरात माती आहे, तिचं काही व्हायचंय अजून. मी इथे झोपते, इथे रांधते, हे इथे जेवतात. ती बघा त्यांची उशी."

उशीनंच काम केलं म्हणायचं. तेलकट, मधे डोक्याचा खड्डा पडलेली, आमच्या संसाराएवढी जुनी. असली उशी कुणी देखाव्यासाठी मांडत नाही. साहेब बराच वेळ उशीकडे बघत राहिले. मग कागदावर लिहायला लागले आणि लिहिताना वाचत होते. शेडमध्ये खाट, पेटी, आरसा. वास्तव्य दिसते. पेटलेली चूल, त्यावर... इथे ते थांबले.

"काय लिहू?"

"सुकट लिहा," परशुराम म्हणाला.

"लिहा की," मी म्हटलं. "मीठ बरोबर आहे का तेही लिहा. चाखून बघता का?"

साहेबांनी 'अन्न' लिहिलं. मग पान उलटलं. "गटारावरचा पत्र्याचा भाग काढावा लागेल. तो कुठल्याच दरात बसत नाही."

"गटारापुरता काढू."

"आता शेवटचं. शेजाऱ्याची हरकत." त्यांनी परशुरामाकडे पाहिलं. "तुमची हरकत कायम असेल तर हा सगळा कागद रद्द. प्रकरण कोर्टात, आणि मी आजच सील लावून जाईन. बोला."

केशवनं उगाच घसा खाकरला. नरेश माझ्याकडे बघत होता, सुगंधा दारात येऊन उभी होती तीही माझ्याकडेच. बोला ना आई, दोन शब्द बोला, असं दोघांच्या तोंडावर लिहिलेलं. दोन शब्द कुठले तेही मला माहीत होते. आजवर ते मी नवऱ्यालासुद्धा म्हटलेले नाहीत.

परशुराम बाहेर बघत होता. कोपऱ्यावरचा लोट सुटलेलाच होता. पलीकडे त्याची बायको एकटीच मेणकापडाची दोन्ही टोकं धरायला बघत होती. एक धरलं की दुसरं सुटायचं.

"नरेश," मी म्हटलं, "शिडी लाव."

"कशाला?"

"पुढचा पत्रा काढ."

"साहेब गटारापुरता म्हणालेत."

"साहेब काय म्हणाले ते मी ऐकलं. मी काय म्हणाले ते तू ऐक. अख्खा काढ. माझ्या घरात उजेड येत नाही."

"आत्ता? ह्या पावसात? आई, खाली चूल आहे."

"चूल माझी आहे. तू वर चढ."

नरेश चढला. गंजलेले बोल्ट सुटेनात. खालून हे पाना घेऊन आले आणि दुसऱ्या टोकाला भिडले. शेवटचा बोल्ट निघाला तसा पत्रा कण्हल्यासारखा आवाज करत एका बाजूला झुकला, आणि दोघांनी धरून तो भिंतीशी उतरवला. समोरच्या ओटीवरचा लोट बंद झाला. परशुरामाची बायको कापड हातात धरून आमच्याकडे बघत राहिली.

आणि मग अख्खा आषाढ माझ्या चुलीत पडला. चर्रर्र आवाज आला, राखेचा ढग उठला. तव्यावरची सुकट तरंगायला लागली, मग काठावरून वाहत गल्लीत निघाली. लाकडं काळी पडली. मी तशीच चुलीपुढे बसून राहिले, डोक्यावर पदर, पदरावर पाऊस.

साहेब मागच्या पत्र्याखाली सरकले होते. त्यांचा आवाज हळू झाला. "बाई, चूल विझली."

"दिसतंय मला."

"जे दिसेल तेच लिहीन असं मी म्हटलं होतं."

"मग लिहा. घर गळतं. गळतं म्हणून ते घर नसतं का? तुमचं क्वार्टर गळत नाही?"

"गळतं," साहेब म्हणाले. "पण माझी चूल पेटलेली असते. अजून सही झालेली नाही. पंचांपुढे विझलेली चूल पेटलेली लिहिली तर उद्या माझीच चौकशी. पेटवा, मी थांबतो."

सुगंधा काड्यापेटी घेऊन धावली. ओल्या लाकडाला काडी काय करणार? एक गेली, दुसरी गेली. तेवढ्यात केशव म्हणाला, "परशुराम कुठे गेला?"

तो नव्हता. छत्रीही न घेता गेला होता.

साहेबांनी पेनाला टोपण घातलं. "पंच निघून गेला. आता पंचनामा कसला."

"म्हणजे कोर्ट," नरेश म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याच्या तोंडात तो शब्द मला भ्यालेला वाटला.

मी फळ्यांकडे बघितलं. मग भिंतीला टेकलेल्या पाटांकडे. कुणाचा शिसवी, कुणाचा साधा फणसाचा, कुणी कडेला चांदीचं फूल ठोकलेलं.

गल्लीतून कुणीतरी पळत आलं. परशुराम. भिजून निथळत होता. दोन्ही हातांत कौल, त्यावर दुसरं कौल उपडं, आणि मधल्या फटीतून धूर. पायानंच माझ्या चुलीचे दगड मागे, कोरड्यात ढकलले, वरचं कौल काढलं आणि आतला विस्तव दगडांमध्ये ओतला. लालभडक निखारे, आत्ताच घरच्या शिजत्या जेवणाखालून काढलेले. कमरेला खोचलेल्या चार सुक्या काटक्या त्यावर ठेवल्या.

"फुंका काकी," तो म्हणाला. "माझे हात ओले आहेत."

मी गुडघ्यांवर बसले आणि फुंकणी तोंडाला लावली. शेडमध्ये इतका धूर झाला की साहेबांना खोकल्याची उबळ आली. मग एक काटकी धरली, मग दुसरी.

"साहेब, बघून घ्या," परशुराम म्हणाला. "पेटलीय."

साहेबांनी डोळे पुसले, चष्मा पुसला, टोपण काढलं. "पेटलेली चूल. ठीक. आणि शेजाऱ्याची हरकत?"

परशुरामानं अंगातला सदरा पिळला. "कशाला?"

साहेबांनी 'हरकत नाही' लिहिलं. दोन्ही पंचांनी सह्या केल्या, मग मी केली. वळणावर अडले, पण केली. या गोष्टीला आता नातवंडं लग्नाची होण्याइतकी वर्षं झालीत. शेड तिथेच आहे, पुढून एका पत्र्यानं आखूड.

साहेब केशवच्या छत्रीतून गेले. परशुरामानं आपली दोन कौलं उचलली आणि तोही निघाला.

"कुठे चाललास?" मी म्हटलं. "जेवून जा."

"सुकट तर गटारातनं गेली."

"भाकरी आहे."

त्यानं कौलं खाली ठेवली आणि चुलीपाशी बसला.